विद्यार्थिनीचं नाव

बचत कचेरीतून आलेली नोटीस तिने तिसऱ्यांदा वाचली. शिक्षण बचत खात्यातून पैसे काढलेत, तर विद्यार्थिनीचा शाळेचा दाखला पंधरा दिवसांत आणा. नाहीतर करसवलत रद्द, वर दंड!

"अगं, बालवाडीची फी भरलीय, दरोडा नाही घातला," नवरा दाढी करता करता म्हणाला. "दाखला ने, टाक त्यांच्या टेबलावर."

"विद्यार्थिनीचं नाव वाच."

त्याने वाचलं आणि अर्धी दाढी तशीच राहिली. नाव बायकोचं होतं!

खातं उघडलं तेव्हा तिला सातवा महिना होता. बाळाला नाव नव्हतं आणि रकाना रिकामा चालत नव्हता, म्हणून तिने तूर्त आपलंच लिहिलं. बाळ आल्यावर ती स्वतःचं नावही विसरली, तिथे रकान्याचं कुठलं!

"म्हणजे कागदोपत्री बालवाडीत तू जातेस?"

"हसू नकोस! लेकीचे पैसे दंडात जातील. मला आत टाकतील!"

"टाकू देत. डबा मी पोचवीन. भाजी पोळीत गुंडाळून देऊ ना?"

बालवाडीच्या बाईंनी हात जोडले. "दाखला देते हो, पण वय काय लिहू? एकतीस? आमच्याकडे साडेचारच्या वर घेत नाहीत."

शेवटी ती कचेरीत गेली. कारकुनाने चष्म्यावरून पाहिलं. "विद्यार्थिनी कोण?"

"मीच," तिच्या तोंडून निघून गेलं.

"काय शिकता?"

"रंग... आकार..."

"चित्रकला! मग कॉलेजचा दाखला आणा."

आता मात्र तिचा धीर सुटला. हुंदके देत तिने सातव्या महिन्यापासून सगळं सांगितलं.

"अहो ताई, रडताय काय? महिन्याला अशा चार आया येतात. नाव बदलायचा अर्ज भरा. फी लेकीचीच आहे, दंड कसला?"

तिने पेन उचललं. स्वतःच्या नावावर काट मारायची, तर हात पुढे जाईना.

"या खात्यात... अर्धवट सुटलेली पदवी चालते का हो?"

"चालते की. एका खात्यात दोघी बसतात. लेकीचं नाव खाली जोडा."

घरी नवरा दारातच उभा होता. "किती दंड?"

"काही नाही. कारकून म्हणाला, खात्यात माझंही नाव चालतं. सोमवारपासून मला सकाळचं कॉलेज आहे. पोरीला उठवून, दात घासून, दोन वेण्या घालून बालवाडीत तू सोडायचंस."

"दोन?" नवरा मटकन खुर्चीत बसला. "अगं, तो कारकून अजून असेल ना कचेरीत? दंडच भरून येतो!"