बटणांची परंपरा आणि छाननी समिती

फोटोत न आलेल्या परंपरेला परंपरा म्हणत नाहीत, सवय म्हणतात, हे आता बहुतेक सुशिक्षित कुटुंबांना पटलेलं आहे. सवय घरातल्या घरात राहते आणि कुणाच्याच उपयोगी पडत नाही. परंपरा मात्र चारचौघांना दाखवता येते, त्यांच्या परंपरेशी ताडून बघता येते आणि आपली सरस निघाली की जिवाला बरं वाटतं. हे तत्त्व आमच्या कार्यालयाने वेळीच ओळखलं, याबद्दल मी कार्यालयाचा कायमचा आभारी आहे.

आमचं कार्यालय वजनकाटे तपासण्याचं. दुकानदारांनी आपापले काटे आणि वजनं घेऊन यायचं, आम्ही ती खऱ्या वजनाशी पडताळायची, बरोबर असली तर शिक्का मारायचा, कमी भरली तर हातोड्याने चेपून टाकायची. एकंदरीत मंडळी अचूक. (हजेरीची वेळ सोडून.)

मागच्या वर्षी आमचे साहेब कुठलंसं प्रशिक्षण घेऊन आले. कर्मचाऱ्यांत जिव्हाळा कमी पडला की कामात चुका होतात, असं त्यांना तिथे समजलं होतं. साहेबांनी दोन दिवस जिव्हाळ्याची पाहणी केली, तो प्रमाणापेक्षा कमी असल्याचं त्यांच्या लक्षात आलं, आणि तिसऱ्या दिवशी परिपत्रक निघालं. विषय: 'वर्षअखेरच्या सुट्टीतील कौटुंबिक परंपरांचे छायाचित्रांद्वारे आदानप्रदान करणेबाबत.' प्रत्येकाने घरचे फोटो द्यायचे, ते कार्यालयाच्या ग्रुपवर आणि व्हरांड्यातल्या फलकावर लागायचे, आणि सर्वोत्तम कुटुंब वर्षभर साहेबांच्या दाराशेजारी टांगलं जायचं. सहभाग ऐच्छिक होता. (सहभागी न होणाऱ्यांनी कारण लेखी कळवायचं होतं.)

अटी मोजक्या होत्या. परंपरा किमान तीन पिढ्यांची असावी. तिन्ही पिढ्या फोटोत हजर असाव्यात. फोटो काढला जात असल्याची कुणालाही कल्पना नाही, हे फोटोवरून स्पष्ट व्हावे. सर्वांचे चेहरे कॅमेऱ्याकडे असावेत. किमान एक मूल हसत असावे. मूल उपलब्ध नसल्यास वरिष्ठांची पूर्वपरवानगी घ्यावी. खाद्यपदार्थ दिसत असल्यास त्यातले कुणी काही खाल्लेले नसावे.

आमच्या घरी सुट्टीत नेमकं काय होतं, ते मी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. मी झोपतो. बायको कपाट आवरायला काढते आणि सगळं पलंगावर आलं की तिलाही झोप येते. आई रेडिओ लावते आणि त्यातल्या निवेदिकेशी वाद घालते. सात वर्षांची मुलगी 'मी काय करू?' हा प्रश्न दर चार मिनिटांनी विचारते. यातून तीन पिढ्या दिसत होत्या, पण त्यांतली मधली घोरत होती.

शिवाय दादाचा प्रश्न होता. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो आणि वहिनी वरच्या मजल्यावर राहतात. आम्ही दोघे भाऊ तीन वर्षं एकमेकांशी बोललो नव्हतो. व्यवहार अडला नव्हता, कारण मध्ये आई होती. "आई, त्याला सांग टाकी भरली." "आई, त्याला सांग ऐकू आलं." वर्षाकाठी असे साधारण चारशे निरोप जायचे. जाताना आई त्यातले टोमणे काढून घ्यायची, त्यामुळे निघालेला निरोप पोचेपर्यंत निम्मा व्हायचा. (असा काटा आमच्या कार्यालयात आला असता तर आम्ही जप्त केला असता.)

भांडण एका खुर्चीवरून होतं. बाबा गेले, त्यानंतर पंधरा दिवसांत मी त्यांची वेताची खुर्ची भंगारवाल्याला देऊन टाकली. एक पाय मोडका होता. दादाला विचारलं नाही. एवढंच.

तर लेखी कारण काय द्यावं, या विचारात मी व्हरांड्यातून चाललो असताना साहेब समोर आले.

"काय हो, तुमच्याकडे काय असतं सुट्टीत?"

माझ्या डोक्यात काहीही नव्हतं. डोळ्यांसमोर फक्त साहेबांचं पोट होतं, आणि पोटावरच्या शर्टाला एक बटण नव्हतं.

"बटणं, साहेब," मी म्हणालो. "वर्षभरात तुटलेली सगळी बटणं आम्ही घरचे मिळून सुट्टीच्या पहिल्या दिवशी लावतो."

साहेबांचा चेहरा हळवा झाला. "आजोबांपासून?"

"पणजोबांपासून."

(पणजोबांच्या कपड्यांना बटणं नव्हती, नाड्या होत्या, ही माहिती आईने संध्याकाळी पुरवली. तोवर परंपरेची नोंद झालेली होती.)

कुठल्याही प्राचीन परंपरेला पूर्वतयारी लागते. मी घरात बटणांची मोजदाद केली तेव्हा फक्त तीन तुटलेली निघाली: एक माझ्या पँटचं, एक उशीच्या अभ्र्याचं आणि एक कुणीच घालत नाही त्या कोटाचं. एवढ्याशा बटणांवर चार पिढ्यांची परंपरा उभी राहणं शक्य नव्हतं. म्हणून बायको आणि मी दोघांनी बसून अडतीस धडधाकट बटणं कापली. वरून वहिनींनीही दादाचे चार शर्ट पाठवले. सोबत त्यांचं म्हणणं असं होतं की लावलेली बटणं कापून पुन्हा लावण्यापेक्षा लावून झाली आहेत असाच फोटो काढावा. हा विचार व्यवहार्य होता, पण त्याला परंपरा म्हणता येत नाही.

फोटो वहिनी काढणार होत्या, कारण घरात फक्त त्यांचाच हात स्थिर आहे. दादाला खाली कसं आणायचं, हा मुद्दा मी आईवर सोपवला. आई वर गेली. तिने नात्याची, बाबांची, कशाचीच आठवण काढली नाही. ती एवढंच म्हणाली, "चल. फोटोत पांढऱ्या केसांची मी एकटीच दिसायला नको."

दादा आला. सुट्टीची सकाळ होती. सतरंजी अंथरलेली, मध्ये बटणांचा डबा, भोवती शर्टांचा ढीग. आई, बायको, मुलगी, मी आणि दादा असे गोल बसलो. दादा माझ्याशेजारी बसला, कारण उजेड तिथे होता.

पहिला पाऊण तास शास्त्रशुद्ध गेला. वहिनी सूचना देत होत्या. "हसा. दात दिसू देत. इतके नाही. आई, तुम्ही सुईकडे बघा, पण मान वर." मुलीने हसायचं ते हसून घेतलं आणि नंतर "अजून किती वेळ सुखी दिसायचं?" असं विचारलं. अकरा फोटो झाले आणि वहिनींनी सुटी जाहीर केली.

पण एक अडचण कुणाच्या ध्यानात आली नव्हती. सोमवारी आम्हा दोघा भावांना अंगात घालायला शर्ट लागणार होते, आणि घरातल्या एकाही शर्टाला बटण नव्हतं. त्यामुळे फोटो संपले तरी कोणी उठलं नाही. सगळे खरोखरच बटणं लावू लागले.

दादा चष्मा वरच विसरला होता. सुईच्या नाकात दोरा घालायचा त्याने सहा वेळा प्रयत्न केला. (मी मोजत होतो, सवय.) सातव्या वेळी त्याने सुई माझ्यापुढे धरली.

"घे. ओव."

आईने हातातला शर्ट खाली ठेवला. तीन वर्षांत तिच्यामार्फत न गेलेला तो पहिला निरोप होता. मी दोरा ओवून सुई परत दिली. दादाने एक बटण लावलं, ते काजाच्या समोर न येता दोन बोटं खाली आलं. त्याने ते उसवलं. आणि मान वर न करता म्हणाला, "खुर्चीचा पाय मी रविवारी बसवणार होतो. लाकूड तासून ठेवलं होतं. अजून आहे वर."

"मला ती रिकामी बघवत नव्हती रे," मी म्हणालो.

"मग मला हाक मारायचीस. मी येऊन बसलो असतो तिच्यात."

"तू बसला असतास तर पडला असतास. तीन पाय होते तिला."

यावर आई आधी हसली. मग दादा. मग दादाच्या हसण्याचं मध्येच काहीतरी दुसरं झालं, आणि त्याने हातातल्या बिनबटणाच्या शर्टाने नाक पुसलं. "माझा आहे तो शर्ट," मी म्हणालो. "माहीत आहे," दादा म्हणाला. त्यानंतर दोन तास सगळे एकदम बोलत होते. बाबा त्या खुर्चीतून उठताना 'चला' म्हणायचे आणि पुन्हा बसायचे, याची आई नक्कल करून दाखवत होती. मुलगी दोऱ्यात गुंडाळली गेली होती. बायकोने माझ्या शर्टाला कोटाची चार बटणं लावून टाकली होती. वहिनींना कुणी थांबा म्हटलं नव्हतं, म्हणून त्या फोटो काढतच राहिल्या.

ते सगळे फोटो मी सोमवारी कार्यालयाच्या छाननी समितीकडे दिले. पहिले अकरा फोनमध्ये नेमके अंधारे आले होते, त्यामुळे दुसरे नव्हतेच.

समितीत तिघे होते: साहेब, मुख्य लिपिक आणि भांडारपाल. त्यांनी प्रत्येक फोटोवर स्वतंत्र शेरा दिला, इतकं बारकाईचं काम हल्ली पाहायला मिळत नाही. फोटो चार: 'कुटुंबीय बोलताना आढळतात. तोंडे उघडी आहेत.' फोटो नऊ: 'ज्येष्ठ महिला खुर्ची नसताना खुर्चीतून उठत आहेत. खुलासा व्हावा.' फोटो बारा: 'बालक दोऱ्यात अडकले आहे. सुरक्षेचे काय?' फोटो सतरा, ज्यात दादाने माझा शर्ट नाकाला लावला आहे आणि मी त्याच्याकडे बघतो आहे: 'सदर व्यक्तीस सर्दी झालेली दिसते. परंपरेच्या दिवशी प्रकृती ठीक असावी.' एकूण अभिप्राय: 'छायाचित्रांत परंपरा दिसून येत नाही. पुन्हा काढावीत. नामंजूर छायाचित्रे नष्ट केल्याचे प्रमाणपत्र जोडावे.'

हा नियम योग्यच आहे. खोटं वजन बाजारात परत गेलं तर खऱ्याला कोण विचारणार? मी फोनमधून सगळे फोटो काढून टाकले, वहिनींनाही काढायला लावले, आणि प्रमाणपत्रावर सही केली.

दुसऱ्या खेपेला बटणं कापली नाहीत, नुसत्या सुया धरल्या, आणि त्यांत दोरेही नव्हते, कारण दोरा फोटोत दिसत नाही. सगळे अंघोळ करून, केस विंचरून बसलो. "भावाभावांनी एकमेकांकडे प्रेमाने बघा," वहिनी म्हणाल्या. ते मात्र जमेना. प्रेमाने बघायला सांगितलं की आम्हा दोघांनाही फस्सकन हसू यायचं. शेवटी दोघांच्या मधोमध भिंतीवर एक घड्याळ होतं, त्याच्याकडे दोघांनी प्रेमाने बघितलं. बारा मिनिटांत काम आटोपलं.

आम्हाला पहिला क्रमांक मिळाला. ग्रुपवर सत्तावीस अंगठे आले, आणि हात जोडलेले नऊ. 'अशी कुटुंबं आता राहिली नाहीत,' असं मुख्य लिपिकांनी लिहिलं. आईने तो फोटो चष्मा लावून बराच वेळ पाहिला आणि स्वतःवर बोट ठेवून विचारलं, "ही कोण?"

यंदा उपक्रमाचं दुसरं वर्ष. चौतीस कर्मचाऱ्यांपैकी एकतीस जणांच्या घरी बटणं लावण्याची पणजोबांपासूनची परंपरा निघाली. उरलेल्या तिघांकडे चेन दुरुस्त करतात. साहेबांच्या शर्टाला ते बटण अजून नाही. परंपरेचं उगमस्थान म्हणून ते तसंच ठेवावं, असा विचार चालू आहे.

आमच्या घरचं म्हणाल तर दादा आता थेट जिन्यातून ओरडतो. "टाकी भरली रे, बंद कर! बहिरा झालास का?" टोमणे पूर्ण वजनाचे पोचतात. आईच्या अंगावरचं काम कमी झाल्यामुळे रेडिओवरच्या निवेदिकेला तिचा जास्त त्रास होतो.

गेल्या महिन्यात एकदा दादाने फोन केला. वरच्या मजल्यावरून फोन, म्हणजे काहीतरी खास असणार.

"त्या दिवशीचा एखादा फोटो आहे का रे तुझ्याकडे?"

"आहे की," मी म्हणालो, आणि पहिल्या क्रमांकाचा पाठवला.

थोड्या वेळाने त्याचं उत्तर आलं: 'हा नव्हे.'

मी अंगठा पाठवला.

हे वाचून तुम्हाला आमच्या समितीचं हसू आलं असेल. अवश्य हसा. पण त्याआधी तुमच्या फोनमधल्या चार-पाच हजार फोटोंत, घरातलं कुणीतरी मनापासून बोलत असताना त्याचं तोंड वेडंवाकडं आलंय, असा एक फोटो शोधून दाखवा. नाही सापडणार. 'हा नको, बघ कसं ध्यान आलंय,' असं म्हणून तो तुम्ही त्याच क्षणी पुसला होतात. आम्हाला त्यासाठी निदान परिपत्रक तरी लागलं. तुम्ही हे काम गेली कित्येक वर्षं, कुणीही न सांगता, ऐच्छिक करत आहात.