सहा टार्टांपैकी एक

बायकोला, म्हणजे एनिडला, न विचारता तिचं केकचं भांडं शेजारच्या मेबलबाईंना उसनं द्यायचं, हे मी अवघ्या दोन सेकंदांत ठरवलं. (माझे सगळे घोटाळे दोन सेकंदांतच ठरतात. निस्तरायला वर्षं लागतात.) भांडं तिच्या आईचं. त्यात भाजलेल्या केकला गावच्या प्रदर्शनात सात वर्षं पहिलं बक्षीस मिळालेलं.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी एनिड म्हणाली, "अंडी घेऊन येते, मग केक लावते." ती बाहेर पडताच मी मेबलबाईंचं घर गाठलं. मेबलबाई तंबू उभारायला मैदानावर गेलेल्या. दाराला कुलूप, पण स्वयंपाकघराची खिडकी उघडी! मी तीस वर्षं वकिलाच्या कचेरीत कारकून, घरफोडीचं कलम मला तोंडपाठ. तरी शिरलो. म्हणजे पोटापर्यंत शिरलो. पोट काही आत येईना.

समोर ओट्यावर जॅमचे टार्ट निवत ठेवले होते. तिथवर हात मात्र पोचत होता.

"खिडकीतले गृहस्थ, बाहेर या!" मागून आवाज आला.

"येता आलं असतं तर आलो नसतो का?"

"अरेच्चा, बर्टव्हिसलसाहेब!" हा आमचा हवालदार टूटिल. "तुम्ही आणि घरफोडी?"

"छे! नीट ऐक. इमारत हवी, आत शिरायला हवं, शिरायची परवानगी नसावी आणि मनात चोरीचा हेतू हवा."

"इमारत आहे. परवानगी?"

"नाही."

"शिरलात?"

"अर्धाच."

"अर्धं चालतं कोर्टाला."

"पण हेतू कुठाय? मी आमचंच भांडं न्यायला..."

"कुठलं भांडं?" हा आवाज एनिडचा.

आली का पंचाईत! खरं सांगावं तर एनिड, गप्प बसावं तर तुरुंग. (तुरुंगात एनिड नसते, हेही मनात येऊन गेलं.) शेवटी सगळं ओकलो.

"अहो, मेबलने ते मंगळवारीच परत दिलं! फडताळात आहे, तुमच्या नाकासमोर!"

"म्हणजे हेतू चोरीचा नव्हता. सुटलात," म्हणत टूटिलने वही मिटली. दोघांनी मला पाय धरून बाहेर ओढलं.

एनिडने माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं. "मिशीला जॅम कसला?"

टूटिलने वही पुन्हा उघडली. परवानगीशिवाय शिरलेल्या माणसाने आत चोरी केली, तर शिरतानाचा हेतू बघत नाहीत. हे पोटकलम गेल्या नाताळात मीच त्याला बिअर पिता पिता समजावलं होतं.

तेवढ्यात मेबलबाई आल्या. कुलूप उघडून आत गेल्या आणि किंचाळल्याच, "पाचच? अहो, ताटलीत सहा लागतात! एक कमी असला तर परीक्षक ढुंकूनही बघत नाहीत!" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला खरोखर लाज वाटली.

"तक्रार करणार नाही मी," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "पण खरं सांगा. टार्ट माझे चांगले की एनिडचे?"

टूटिलने पेन्सिलीला थुंकी लावली. मी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग एनिडकडे.

"तुमचे," मी म्हणालो.

प्रकरण मिटलं. आमच्या घरी मात्र तेव्हापासून टार्ट होत नाहीत. खावेसे वाटले की मेबलबाईंकडे जातो, अगदी रोज. दारानेच जातो. त्या खिडकीत मी आता खांद्यापर्यंतच मावतो.