सूनबाईंनी इंग्रजी शब्दांवर केलेल्या तिसऱ्या स्वारीचे वर्तमान

वाग्देवीस दंडवत घालून, पाहिले ऐकिले तैसे लिहितो, पदरचे थोडेच. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, तीन खोल्या आणि एक गॅलरी एवढ्या मुलखाच्या राज्यात मोठी धामधूम जाहली. कारण ऐसे जे, राज्याच्या सूनबाई इरावतीबाई वनस्पतिशास्त्रात निष्णात, त्यांस विलायतेच्या विद्यापीठाने संशोधनास पाचारिले, परंतु आधी इंग्रजीची परीक्षा जिंका ऐसी अट घातली, आणि बाई दोन वेळा चालून गेल्या आणि दोन्ही वेळा माघारी आल्या, मग विद्यापीठाने कळविले की तिसरी हुकल्यास जागा दुसऱ्यास देऊ. आता बाईंस शब्द येत नव्हते ऐसे नव्हे. एकेका भारदस्त शब्दाचे नाम, क्रियापद, विशेषण पाढ्यांच्या चालीवर घोकून मुखोद्गत केले होते, आणि तेथेच घात जाहला. तोंडी परीक्षेत साहेबाने प्रश्न टाकिला, बाईंस नेमके क्रियापद पाहिजे, ते सुटे येईना, मग 'अ‍ॅनालिसिस'पासून मनात पाढा आरंभिला, आणि इष्ट शब्दी पोहोचेतो साहेब पुढील प्रश्नी गेले होते.

हे ऐकून सासूबाई कुमुदिनीबाई, ज्यांस सोसायटीचे चेअरमनही वचकून असत, गरजल्या, "पाढे बंद! आता मी कुठूनही विचारणार." मग गनिमी कावा सुरू जाहला. कणीक मळताना "सिग्निफिकन्स! विशेषण?" न्हाणीच्या दाराशी "व्हेरिएशन! क्रियापद?" चुकल्यास चहा बंद. युवराजांनी, म्हणजे सूनबाईंच्या यजमानांनी, दोहींकडे मान डोलाविली, तो त्यांचा पूर्वापार शिरस्ता. एके दिवशी सूनबाई रडकुंडीस येऊन वदल्या, "आई, मला नाही जमायचं."

"प्रिडिक्शन! क्रियापद?"

"प्रिडिक्ट," बाई हुंदक्यातच बोलून गेल्या.

"आलं की! डोळे पूस."

सासरे आबासाहेब हळूच म्हणाले, "अगं, जिंकली तर चार वर्षं जाईल ती. तुला करमणार आहे का?"

"नाही करमणार," सासूबाई बोलिल्या, "म्हणून काय तिला नापास करू?" आणि पोळी तव्यावर टाकिली.

मग तिसरी स्वारी जाहली आणि फत्ते जाहली, आणि पेढे वाटिले, आणि निघण्याचा दिवस उगवला. विमानतळी सासूबाईंच्या डोळ्यांस धार लागली. त्यांस हसवावे म्हणोन सूनबाईंनी उलट छापा घातला, "आई! सेपरेशन! क्रियापद?"

वास्तविक हा शब्द सासूबाईंनीच सूनबाईंस फ्रिजपाशी गाठून कितीदा विचारिला होता. परंतु आता त्या पदराने नाक पुसून म्हणाल्या, "ते मला येत नाही. परत आलीस की सांग."

येणेप्रमाणे स्वारी सिद्धीस गेली. सूनबाई विलायतेस सुखरूप पोहोचल्या, युवराज भांडी घासू लागले, आणि आबासाहेबांनी तो शब्द सासूबाईंस सांगू पाहिला, त्या दिवशी त्यांचा चहा बंद जाहला.