डोळा दुखत असेल तर दात सांगा

नांदेडच्या आरोग्यछाया या खाजगी दवाखान्यात नोंदणीचा नवा संगणक बसला आणि पहिल्याच आठवड्यापासून तो डोळ्यांचे रुग्ण दातांच्या डॉक्टरांकडे आणि दातांचे रुग्ण डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवू लागला. एरवी त्याचं काम चोख होतं.

तक्रार प्रकल्प व्यवस्थापक शिवशंकर याच्याकडे आली. पुण्याहून रीतसर प्रशिक्षण घेऊन आलेला माणूस तो, घाबरला नाही. त्यानं विचारलं, "हा दोष कुणाकुणाला माहीत आहे?"

"सगळ्यांनाच की, सर," संगणक सांभाळणारी मनस्विनी म्हणाली. "दोन नोंदी उलट्या पडल्यात. चहा येईपर्यंत सरळ करते."

शिवशंकरच्या अंगावर काटा आला. "चालू यंत्रणेला हात लावायचा नाही. माहीत नसलेला दोष धोक्याचा. माहीत असलेल्या दोषाचं फक्त व्यवस्थापन करायचं असतं."

त्याला काळजी नव्हती असं नाही. त्याचे वडील दगडोबा जळकोटहून मोतीबिंदू काढायला इथंच येणार होते. त्यांचा उजवा डोळा कधीच गेला होता, सगळी भिस्त डाव्यावर. म्हणून तर त्यानं व्यवस्थापनात जराही कसूर ठेवली नाही.

दुसऱ्या दिवशी खिडकीवर बोर्ड लागला: 'डोळ्यांच्या रुग्णांनी दात सांगावेत. दातांच्या रुग्णांनी डोळे सांगावेत. हुकमावरून.' डोळ्यांच्या रुग्णांना तो वाचता येईना. मग बोर्ड मोठ्यानं वाचण्यासाठी सिद्धराम नावाचा शिपाई नेमला. लोक गोंधळले, नंतर रुळले. महिन्याभरात सवय इतकी अंगवळणी पडली की अहमदपूरच्या एका सासूबाईंनी घरी "माझे दात कुठं ठेवलेस गं" म्हटलं आणि सुनेनं मुकाट्यानं चष्मा आणून दिला.

मनस्विनीनं पुन्हा विषय काढला. शिवशंकर म्हणाला, "आता दुरुस्ती केलीस तर दात सांगणारे डोळेवाले खरोखरच दातांकडे जातील. तो नवा दोष होईल. त्याची जबाबदारी घेणार का तू?" मनस्विनीला हे पटलं, याचंच तिला पुढं बरेच दिवस वाईट वाटलं.

दगडोबा आले त्या दिवशी शिवशंकर वरच्या मजल्यावर मालकांना दोष व्यवस्थापनाची प्रगती दाखवत होता. वडिलांना, म्हणजे अण्णांना, त्यानं चार वेळा फोनवर समजावलं होतं, त्यामुळे तो निर्धास्त होता. खाली सिद्धरामनं बोर्ड वाचून दाखवला.

"डोळा हाय तर दात कशाला सांगू?" दगडोबा म्हणाले. "दवाखान्यात खोटं बोलल्यावर गुण कसा येईल बाबा?"

त्यांनी डोळा सांगितला. संगणकानं त्यांना दातांच्या डॉ. सुदर्शनकडे धाडलं. डॉ. सुदर्शनना आता सवयच झाली होती. त्यांचे सगळेच रुग्ण दाताला डोळा म्हणत.

"कोणता डोळा?"

"डावा. लई दिवस झाले, काम करंना."

"वरचा का खालचा?"

"वरचाच की साहेब. खाली कुठं असतोय डोळा?"

"आ करा."

मोठ्या गावात मोतीबिंदू तोंडातून काढत असतील, असं समजून दगडोबांनी आ केला. जळकोटहून येऊन डॉक्टरला शिकवणं त्यांना बरं वाटलं नाही.

शिवशंकर धावत खाली आला तेव्हा ते गालात कापूस धरून बाकावर बसले होते. एक धडधाकट दाढ बशीत होती.

"शिवा, ही गडबड तुला ठावी होती का रं?"

"हो अण्णा. पहिल्या दिवसापासून."

"आन् तरीबी?"

याचं उत्तर प्रशिक्षणात नव्हतं. अण्णांचा हात धरून तो बाकावर बसला, त्याला फार लाज वाटली आणि मग त्याची बैठकीची वेळ झाली. बैठकीत एक नवा दोष नोंदवण्यात आला: काही रुग्ण खरं बोलतात. तो आता सर्वांना माहीत आहे.

हिरडी भरेपर्यंत डोळ्याचं ऑपरेशन पुढं गेलं. ते अजून पुढंच जात आहे. दगडोबा हल्ली नातवाला, मिहिरला, आवाजावरून ओळखतात.

हे सगळं आता तुम्हीही वाचलं आहे, म्हणजे माहीत असणाऱ्यांत दवाखान्यानं तुम्हालाही धरलं आहे. उद्या तुमच्या घरचं कुणी डोळा दाखवायला जाऊन गालात कापूस घेऊन परतलं, तर भांडायला अवश्य जा. तिथं शिवशंकर तुम्हाला खुर्ची देईल, पाणी देईल आणि अदबीनं एवढंच विचारील, "तुम्हाला तर माहीत होतं ना? मग तुम्ही काय केलंत?"