मधुमालती मागे वळून बघत नाही

एका जंगलात, जिथे वाघानेसुद्धा रात्रीचं जेवण सातच्या आत आटपायला सुरुवात केली होती, तिथे मधुमालती नावाची अस्वलीण राहायची. ती शिकलेली होती. म्हणजे काळजी कशाकशाची करायची, याची तिला पूर्ण माहिती होती.

बालमित्रांनो, अस्वलाची पिल्लं आईच्या पाठीवर बसून जंगल बघतात. मधुमालतीही तशीच वाढली. पण वटवाघूळबाईंच्या सुजाण पालक शिबिरात तिने ऐकलं, की पाठीवर वाढलेली मुलं परावलंबी होतात. त्या दिवसापासून घरात पाठुंगळी बंद.

वटवाघूळबाई जन्मभर उलट्या लटकलेल्या. त्यांना चढ हा उतारच दिसायचा. पण हे नंतर लक्षात आलं.

जंगलाच्या टोकाला एक उंच कडा होता. दर वर्षी मधुमालतीचं कुटुंब तिकडे निघायचं आणि अर्ध्यातून परत यायचं. "यंदा आमची पोरं स्वतःच्या पायांनी वर जाणार," असं तिने पाणवठ्यावर सांगून टाकलं. सांगायला नको होतं. आता परत फिरलं, तर हरणांपासून बेडकांपर्यंत सगळे विचारणार होते.

थोरली झिपरी, धाकटा गबरू. पहिल्याच झाडापाशी गबरूने विचारलं, "आलं?"

"आलंच. हे काय, त्या वळणापुढे."

"मागच्या वर्षीही त्याच वळणापुढे होतं," मागून भालचंद्रराव म्हणाले. हे तिचे यजमान.

"अहो, तुम्ही जरा सकारात्मक राहाल का?"

मग तिने शिबिरातला उपाय काढला. प्रत्येक वळणावर एकेक मोहफूल. पोरं सुसाट निघाली. एक वळण झालं, दुसरं झालं. मग दोघं उलटी पळत पहिल्या वळणावर गेली आणि हात पुढे करून उभी राहिली.

"अगं झिपरे, हे मघाचंच वळण!"

"मग? वळणच आहे ना?"

दिलेला शब्द मोडला की मुलांचा विश्वास उडतो, हेही शिबिरातच सांगितलं होतं. तिने फूल दिलं. मग पोरं दुसऱ्या वळणावर. मग पुन्हा पहिल्या. आजवर पोरं एवढी कधीच चालली नव्हती. वर मात्र कोणीच गेलं नव्हतं.

शेवटी फुलं संपली. ऊन चढलं, आणि पोटातला मोहही. दोघं जिथल्या तिथे बसली.

"पाठुंगळी," गबरू म्हणाला.

"गबरू, आपलं काय ठरलंय?"

"तुझं ठरलंय."

तेवढ्यात सुंदराकाकू नावाची रानडुकरीण पिल्लांची लांबलचक रांग घेऊन शेजारून गेली.

"काय गं, बसली वाटतं पोरं?"

"नाही हो काकू, जरा निसर्ग बघताहेत."

"डोळे मिटून? अगं, एक सांगू? मागे वळून बघायचंच नाही. बघितलं की बसतात मेली. मी बघतच नाही कधी." आणि काकू न थांबता पुढे गेलीसुद्धा.

मधुमालती उठली. "आम्ही निघालो बरं का," असं हवेत म्हणाली आणि चालू लागली. मान ताठ, कान मागे.

थोड्या वेळाने मागून आवाज आला. धप, धप, धप. तिचा ऊर भरून आला. किती ठाम पाऊल टाकताहेत! मग धापा ऐकू आल्या. किती मेहनत घेताहेत! वळून बघायची इतकी इच्छा झाली की मानेत चमक भरली. पण ती वळली नाही.

अखेर कडा आला. खाली अख्खं जंगल हिरव्या गोधडीसारखं पसरलेलं. तिने आयुष्यात पहिल्यांदाच ते बघितलं. डोळे पुसले आणि वळली.

मागे भालचंद्रराव होते. चारी पायांवर, जीभ बाहेर. पाठीवर दोन्ही पोरं गाढ झोपलेली. गबरूची लाळ त्यांच्या कानात.

सुंदराकाकू आधीच पोहोचली होती. दरीकडे तोंड करून उभी. सवयीने ती अजूनही वळली नव्हती. "आली का गं पोरं चालत?"

मधुमालतीने नवऱ्याकडे बघितलं. भालचंद्ररावांनी हळूच पाठ तिरकी केली. पोरं गवतावर घरंगळली. झिपरीने एक डोळा उघडला.

"आई, आपण वर आलो? चालत?"

मधुमालतीच्या अगदी ओठांवर खरं आलं होतं. पण झिपरीच्या त्या एका डोळ्यात इतकं नवल होतं!

"मग? तुला काय कोणी उचलून आणलं?"

भालचंद्रराव आकाशातले ढग बघू लागले.

आता कुठे काकू वळली. पोरांना बघून थक्क झाली आणि आपल्या पिल्लांवर ओरडली, "शिका जरा! नाहीतर तुम्ही!"

पिल्लांनी माना खाली घातल्या. त्यांतली दोन तर तिची नव्हतीच, आणि तिची बरीचशी आलीच नव्हती.

पुढच्या शिबिरात मुख्य भाषण मधुमालतीचं ठेवलं आहे.

तात्पर्य: मुलांनी स्वतःच्या पायांवर उभं राहावं असं वाटत असेल, तर भक्कम पाठीचा नवरा बघावा. त्यानंतर काही बघू नये.