मिस्त्रींच्या खिशातला ग्रुप

मालकांनी सुतारकामाच्या कारखान्याचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला आणि मिस्त्रींच्या कपाळाला आठ्या पडल्या. तीस वर्षं रंधा मारलेला माणूस! काम करायचं सोडून 'काम चालू आहे' असं कळवत बसायचं, म्हणजे त्यांना अपमानच वाटायचा. पण ग्रुपवर ग्रंथपाल बाईही होत्या. वाचनालयाची चाळीस कपाटं त्यांची, आणि ती तीन दिवस रखडली होती. सकाळीच त्यांचा मेसेज आला, "आज पाचपर्यंत खात्री पटली नाही, तर काम दुसरीकडे देईन."

मालकांना घाम फुटला. "मिस्त्री, काहीतरी सांगा हो बाईंना! लिहू नका, नुसतं बटण दाबून बोला."

मिस्त्रींनी बटण दाबलं, "काम चालू आहे," म्हणाले आणि फोन खिशात टाकला. रेकॉर्डिंग बंदही करायचं असतं, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत वेळ बघायला फोन काढला, बोट कुठंतरी लागलं आणि दोन तासांचं रेकॉर्डिंग ग्रुपवर जाऊन पडलं.

मालकांनी ते मध्येच कुठंतरी लावलं.

"ही फळी काढ! केसभर तिरकी आहे."

"राहू द्या की मिस्त्री," सुताराचा आवाज. "पुस्तकांमागं कोणाला दिसतंय?"

"मला दिसतंय! माझ्या हातचं कपाट आहे, माझ्यामागं पन्नास वर्षं उभं राहिलं पाहिजे. उशीर झाला तर झाला. त्या बाईंचं काय जातंय, छडी घेऊन बसल्यात ग्रुपवर!"

"मेलो!" मालक ओरडले. "मिस्त्री, बाईंनी ऐकायला घेतलंय हे!"

"ऐकू देत. खोटं काय बोललो?" मिस्त्री म्हणाले खरे, पण पाचपर्यंत त्यांचा रंधा काही सरळ चालेना.

पाचला पाच कमी असताना मेसेज आला, "दोन्ही तास ऐकले. चाळीस नको, साठ कपाटं करा. उशीर चालेल. छडी ठेवली बाजूला."

मिस्त्रींची छाती अशी फुगली, की सदऱ्याची बटणं ताणली गेली. घरी बायकोला तो मेसेज चारदा वाचायला लावला.

"अहो, पाठ झाला मला!"

"मग पाठ म्हणून दाखव."

दुसऱ्या दिवशी मिस्त्री इस्त्रीचा सदरा घालून आले. आपणहून बटण दाबलं, फोन खिशात ठेवला आणि घसा खाकरला.

"आदरणीय सुतारबंधू, ही फळी किंचित सरळ करण्याची कृपा करावी."

सुतार एकमेकांकडे बघायला लागले. मिस्त्रींना ताप-बिप आलाय की काय!

दुपारी ते रेकॉर्डिंग ऐकून बाईंनी ग्रुपवर विचारलं, "कालचे मिस्त्री आज रजेवर आहेत का?"

मिस्त्रींनी सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या. "ए, काढ रे ती फळी!"