मातृत्वाची नोट

कागद माणसापेक्षा नाजूक असतो, हे सुसंस्कृत लोकांना पटवून द्यावं लागत नाही. दमट हवेचा त्रास झाला की माणूस निदान खोकतो. कागद बिचारा मुकाट्याने पिवळा पडतो. म्हणूनच दातांच्या डॉक्टरांनी आपल्या जुन्या फ्रेंच नोटांसाठी घरातली उन्हाची खोली निवडली आणि तिथे राहणाऱ्या आईला मागच्या, भिंतींना ओल धरलेल्या खोलीत हलवलं. (आईला खोकता येत होतं.)

या नोटांवर नुसते आकडे नसतात. बाईच्या हातात विळा असला की ती शेती, तराजू असला की न्याय, फळांनी भरलेलं शिंग असलं की समृद्धी. बाई कोण, हा प्रश्नच येत नाही. हातात काय आहे ते महत्त्वाचं. डॉक्टर हे खुर्चीतल्या रुग्णांनाही समजावत. तोंडात यंत्र असल्यामुळे शेकडा शंभर रुग्ण सहमत होत.

एका रविवारी संग्राहक मंडळी नवी नोट पाहायला जमली. तिच्यावर मांडीवर बाळ घेतलेली बाई होती.

"हे मातृत्व!" डॉक्टर चिमट्याने नोट उचलत म्हणाले. "ती शाल बघा. बाळाला वारा लागू नये म्हणून कशी ओढून घेतलीय!"

 तेवढ्यात दारातून खोकल्याची उबळ ऐकू आली.

"आई, तोंडावर रुमाल धर! नोटेवर शिंतोडे उडतील."

"मलाही बघू दे की रे."

"लांबून बघ."

आईने लांबून पाहिलं. "बाळ गोड आहे," ती म्हणाली. "अजून बोलता येत नसेल त्याला."

संध्याकाळी बहीण आली. तिने मागच्या खोलीच्या भिंतीला हात लावून पाहिला आणि आईची पिशवी भरायला घेतली.

"दादा, आई आता माझ्याकडे राहील."

डॉक्टरांना वाईट वाटलं. पण संग्रह वाढत होता आणि खोली रिकामी होत होती, त्यामुळे दुःखाला जागा कमी पडली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या खोलीत दमटपणा मोजायचं यंत्र ठेवलं. निष्कर्ष स्पष्ट होता: खोली वास्तव्यास सर्वस्वी अयोग्य. तिथे नोट ठेवणं म्हणजे निव्वळ क्रौर्य. डॉक्टरांनी हळहळत दार लावून घेतलं.

वाचकांना डॉक्टरांचा राग आला असणार. राग आलेल्यांनी जरा उठून आपल्या घरातली सगळ्यांत कोरडी, उजेडाची खोली कोणाकडे आहे ते पाहून यावं. टीव्हीकडे असेल तर संकोच नको. 'आईला ना, तिकडेच बरं वाटतं,' हे वाक्य आपल्याला पाठ आहेच.